‘थिंक’च्या पुढे काय जोडायचं, ते आधी मराठीला विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी तो थोडक्यात सांगते. तुम्ही आर्णीकडच्या एका गावात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेता, सोबत स्वतः स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता. ‘थिंक’च्या पुढे ‘ऑफ’ येतं, ‘अबाउट’ येतं, ‘दॅट’ येतं की काहीच येत नाही, यात मुलांचा घोळ होतो आणि कधीकधी तुमचाही. ‘नो’ (माहीत असण्याचा, नकाराचा नव्हे), ‘रिमेंबर’, ‘डाउट’ यांचंही तेच. गाइडमधल्या दोनशे जोड्या पाठ करून झाल्या, पण पेपर हातात पडला की सगळ्या एकमेकींत मिसळतात. शेवटी तुम्ही विचारलंय, की सराव परीक्षेत ‘आय एम थिंकिंग टू बाय अ बाइक’ हे वाक्य चूक का धरलं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. सुरुवातीची माझी मुलं पाचवीत आल्यावर पहिल्यांदा एबीसीडी बघायची. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. मला वाटलं, आता दहावीपर्यंत हे प्रश्न उरणार नाहीत. उरले. पाचवीपासून शिकलेला मुलगा जिथे अडायचा, पहिलीपासून शिकलेली मुलगी नेमकी तिथेच अडली. म्हणजे दुखणं उशिरा सुरुवात करण्याचं नव्हतं.

इंग्रजी शब्द इथे देवनागरीतच लिहिते आहे. फळ्यावरही मी आधी असंच लिहायची. स्पेलिंगची धास्ती बाजूला राहिली की पोरं वाक्याकडे बघतात.

आता मूळ गोष्ट. ‘ऑफ की अबाउट’ हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. त्याआधी एक पायरी आहे आणि ती गाइडमध्ये नसते, कारण गाइडमध्ये ‘थिंक’पुढे ‘विचार करणे’ एवढंच छापलेलं असतं. आपल्या घरात एका दिवसात काय काय बोललं जातं ते आठवा:

‘मले वाटते आज पाणी येईन.’
‘यंदा बोअर मारायचं म्हणून रायलो.’
‘त्या माणसाचं नावच आठवून नाई रायलं.’
‘लय डोकं लावलं, पण उपाय काही सुचला नाई.’
‘नवीन सर कसे वाटले तुले?’
‘पोरीच्या लग्नाचा विचार करू करू झोप नाई लागत.’

सहा वाक्यं झाली. ‘विचार’ हा शब्द फक्त शेवटच्या वाक्यात आहे. इंग्रजीत मात्र सहाही ठिकाणी ‘थिंक’ चालतं. आपल्याकडे वाटणं वेगळं, सुचणं वेगळं, आठवणं वेगळं, विचारात पडणं वेगळं, करायचं म्हणणं वेगळं. इंग्रजीने हे सगळं एकाच पोत्यात भरलंय. मग कुठला दाणा कुठला हे कळावं म्हणून पुढे ‘ऑफ’, ‘अबाउट’, ‘दॅट’ अशी वेगवेगळी चिठ्ठी लावावी लागते. मुलगा ‘विचार करणे’ एवढं एकच डोक्यात ठेवून बसला, तर त्याच्यासाठी सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच. म्हणून मी मुलांना सांगायची, इंग्रजी शब्दाकडे बघू नका. आधी ते वाक्य आई घरात कसं म्हणेल ते म्हणा. त्यातलं क्रियापद धरा. चिठ्ठी आपोआप ठरते.

‘वाटणं’ असेल तर ‘थिंक’च्या पुढे सरळ दुसरं वाक्य येतं: ‘आय थिंक इट विल रेन टुडे’. मध्ये ‘दॅट’ टाकलं तरी चालतं, नाही टाकलं तरी चालतं, बोलताना बहुतेक गळतंच. इथे ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’ला जागाच नाही.

‘सुचणं’ किंवा नाव वगैरे ‘आठवणं’ असेल तर फक्त ‘ऑफ’. ‘आय कान्ट थिंक ऑफ हिज नेम’. ‘शी थॉट ऑफ अ सोल्यूशन’. जी गोष्ट आधी मनात नव्हती ती मनात आली, किंवा बोलावूनही आली नाही. इथे ‘अबाउट’ लिहिलं की अर्थच फिरतो. ‘शी थॉट अबाउट द सोल्यूशन’ म्हणजे उपाय आधीच समोर होता आणि ती त्यावर विचार करत बसली.

विचार मनात घोळत असेल तर ‘अबाउट’. या शब्दाचा मूळ अर्थच ‘भोवती’ असा आहे. खळ्यातल्या खांबाभोवती बैल फिरावा तसं मन एका गोष्टीभोवती फिरतं. पोरीचं लग्न, बँकेचं कर्ज, बोंडअळी. या गोष्टी सुचत नाहीत, त्या समोर उभ्याच असतात. ‘ही इज थिंकिंग अबाउट हिज लोन’. ही खळ्याची गोष्ट मी २५-३० वर्षांपूर्वी सांगितली की वर्ग लगेच समजायचा. आता थ्रेशर आलेत, बैलांनी केलेली मळणी पाहिलेलं पोर वर्गात क्वचित सापडतं. मग मी पोळ्याला मारुतीच्या देवळाभोवती फिरणाऱ्या जोड्यांवर आले. उदाहरण तुम्ही तुमचं शोधा, अर्थ ‘भोवती’ एवढा राहू द्या.

आता जिथे दोन्ही चालतं ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मुलांचे उगाच मार्क कापाल. ‘नवीन सर कसे वाटले’ याला ‘व्हॉट डू यू थिंक ऑफ द न्यू टीचर’ आणि ‘थिंक अबाउट’ दोन्ही बरोबर. ‘बोअर मारायचं म्हणतोय’ याला ‘थिंकिंग ऑफ डिगिंग’ आणि ‘थिंकिंग अबाउट डिगिंग’ दोन्ही बरोबर. माझ्या कानाला ‘ऑफ’मध्ये बेत जरा पक्का वाटतो, ‘अबाउट’मध्ये अजून हो-नाही चाललेलं असतं. पण हा माझा कान आहे, नियम नाही. पेपर तपासणारा एकच उत्तर धरून बसला असेल तर काय करायचं, हे त्या पेपरवर अवलंबून. गाळलेल्या जागेपुढे न आठवणारं नाव किंवा सुचलेला उपाय असेल तर डोळे मिटून ‘ऑफ’ लिहायला सांगा, तिथे वादाला जागा नाही.

तुम्ही हे मुलांना सांगाल तेव्हा एखादं चौकस पोर विचारेल, की इंग्रजांनी असं एकाच पोत्यात का भरलं? याचं उत्तर मोठं गमतीचं आहे. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखीच दोन क्रियापदं होती. एक विचार करण्याचं, दुसरं वाटण्याचं. वाटण्याच्या क्रियापदाचा कर्ताही आपल्या ‘मला’सारखाच चतुर्थीत यायचा. उच्चार इतके जवळचे होते, की पुढे दोन्ही एकात मिसळून गेले आणि ‘थिंक’ एकटं उरलं. शेक्सपियरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ असा एक शब्द येतो. तो म्हणजे शब्दशः ‘मला वाटतं’. त्यातला ‘मी’ हा इंग्रजीतला ‘मला’ आहे. नववीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘म्हणजे मॅडम, आधी थे बी मले वाटते म्हणत होते!’ अगदी तसंच. आपण दोन शब्द जपले, त्यांनी एक गमावला, आणि त्याचा भुर्दंड आपली पोरं गाळलेल्या जागा भरताना भरतात.

शब्दांच्या या संगतीला भाषेच्या अभ्यासात ‘कोलोकेशन’ हे नाव मिळवून दिलं ते इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, असं ते १९५७ मध्ये लिहून गेले. हे गृहस्थ तरुणपणी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्याकडे हेच ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असं म्हणतात. आणि ज्या प्रकारचा शब्दकोश मी तुम्हाला घ्या म्हणून सांगणार आहे, क्रियापदापुढे काय येतं हे उदाहरणासह दाखवणारा, तो रचला ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसोबत, जपानमध्ये इंग्रजी शिकवताना. १९४२ मध्ये तो आधी टोकियोत छापला गेला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. तीच आजची ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’. म्हणजे हा त्रास काही एकट्या आर्णीचा नाही. जपानी पोरांचाही तोच होता, म्हणून तर तो कोश झाला. त्याची नवी आवृत्ती महाग वाटली तर जुनी घ्या. यवतमाळ-अमरावतीला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळते. क्रियापदं तीच आहेत.

‘रिमेंबर’वर जरा थांबते, कारण इथे मराठी इतकी मदत करते की मला स्वतःला ते कळलं तेव्हा हसू आलं. ‘रिमेंबर टू लॉक’ आणि ‘रिमेंबर लॉकिंग’ यातला फरक मी पहिली आठ-दहा वर्षं इंग्रजी व्याकरणाच्या भाषेत शिकवत होते. इन्फिनिटिव्ह, जेरंड, वगैरे. मुलं लिहून घ्यायची आणि विसरायची. एकदा शाळा सुटताना मी शिपाईकाकांना म्हटलं, ‘काका, मागच्या दाराला कुलूप लावायचं लक्षात ठेवा.’ ते म्हणाले, ‘लावल्याचं आठवते मॅडम, पण पाहून येतो.’ तिथल्या तिथे माझ्या लक्षात आलं. ‘लावायचं’ म्हणजे ‘टू लॉक’. ‘लावल्याचं’ म्हणजे ‘लॉकिंग’. काम अजून व्हायचं असेल तर मराठीत ‘-यचं’ आणि इंग्रजीत ‘टू’. काम होऊन गेलं असेल तर मराठीत ‘-ल्याचं’ आणि इंग्रजीत ‘आयएनजी’. दुसऱ्या दिवशी वर्गात हेच दोन संवाद फळ्यावर लिहिले. त्यानंतर जेरंड हा शब्द मी फक्त परीक्षेपुरता वापरला.

‘फरगेट’ही त्याच वाटेने जातं. ‘पास आणायचा विसरलो’ म्हणजे ‘आय फरगॉट टू ब्रिंग द पास’. ‘पहिल्यांदा समुद्र पाहिल्याचं कधी विसरणार नाही’ म्हणजे ‘आय विल नेव्हर फरगेट सीइंग द सी’. आपल्याकडच्या पोरांना समुद्र बघायचा म्हणजे शाळेच्या सहलीचीच वाट पाहावी लागते, त्यामुळे हे वाक्य त्यांच्या लक्षात राहतं.

पण एक खड्डा आहे. मराठीत ‘आठवण येणं’ हे वेगळंच प्रकरण आहे. वसतिगृहातल्या एका मुलीने पत्रलेखनात आईला लिहिलं होतं, ‘आय एम रिमेंबरिंग यू’. तिला म्हणायचं होतं, तुझी आठवण येते. ती ‘आय मिस यू’. ‘रिमेंबर’ म्हणजे स्मरणात असणं, ‘मिस’ म्हणजे जवळ नसल्याचं जाणवणं. आणि दुसऱ्याला आठवण करून देणं म्हणजे ‘रिमाइंड’: काम करायचं असेल तर ‘रिमाइंड मी टू कॉल’, आणि कोणाला बघून कोणाची तरी आठवण झाली असेल तर ‘ही रिमाइंड्स मी ऑफ माय अंकल’. पहिल्यात परत ‘-यचं’, म्हणून ‘टू’.

‘नो’कडे येऊ. याची चिठ्ठी सोपी आहे, पण आपण ते चुकीच्या वेळी वापरतो. ‘मला काल कळलं’ याचं ‘आय न्यू इट यस्टर्डे’ असं भाषांतर माझ्या प्रत्येक बॅचमध्ये व्हायचं. ‘नो’ म्हणजे माहीत असणं. ते बसलेलं क्रियापद आहे, जागचं हलत नाही. ‘कळणं’ ही घटना आहे, ती एका क्षणी होते. त्यासाठी इंग्रजीत ‘फाउंड आउट’, ‘हर्ड’, ‘रिअलाइझ्ड’ असे शब्द आहेत. स्वतः शोधून कळलं तर ‘फाउंड आउट’, कोणी सांगून कळलं तर ‘हर्ड’, आपली आपल्याला जाणीव झाली तर ‘रिअलाइझ्ड’. आपल्याकडच्या अर्जांमध्ये ‘केम टू नो’ची फार चलती आहे. चूक म्हणणार नाही, पण दर दोन ओळींना ‘आय केम टू नो’ आलं की कार्यालयाच्या नोटिशीसारखं वाटायला लागतं. ओळख होणं म्हणजे ‘गेट टू नो’, ओळखणं म्हणजे नुसतं ‘नो’, आणि नाव ऐकून आहे, भेट नाही, तर ‘नो ऑफ’. पोहता येणं, ट्रॅक्टर चालवता येणं, यासाठी ‘नो हाउ टू’. ‘आय नो टू ड्राइव्ह’ असं होत नाही, मधला ‘हाउ’ हवाच.

‘डाउट’वर मात्र मी दरवर्षी एक अख्खी तासिका घालवायची. दहावीच्या पत्रलेखनात सायकल चोरीची तक्रार हा नेहमीचा विषय. एकाने लिहिलं होतं, की लाल शर्टातल्या माणसानेच सायकल नेली अशी मला शंका आहे, आणि इंग्रजीत ‘आय डाउट दॅट अ मॅन इन अ रेड शर्ट स्टोल इट’. मी वर्गात म्हटलं, पोलिसांनी हे वाचलं तर बाकी सगळ्या गावाला पकडतील आणि तेवढ्या लाल शर्टवाल्याला सोडून देतील. कारण ‘आय डाउट दॅट’ म्हणजे ‘मला नाही वाटत’. मराठीतली ‘शंका’ दोन्ही बाजूंनी चालते: ‘तो येईल की नाही शंका आहे’ आणि ‘त्यानेच नेली अशी शंका आहे’. माझी कसोटी अशी. वाक्यात ‘की नाही’ बसत असेल तर ‘डाउट’. वाक्यात ठाम ‘च’ बसत असेल, त्यानेच, तिथेच, तर ‘सस्पेक्ट’. ही कसोटी क्वचितच फसली. आणि वर्गातलं आपलं ‘मॅडम, आय हॅव अ डाउट’ हे भारतात सगळीकडे चालतं, पण बाहेरच्या माणसासमोर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणायला शिकवा. नाहीतर तो समजेल, तुमच्या बोलण्यावर पोराचा विश्वास नाही.

‘बिलीव्ह’चं दोन ओळींत सांगते. तो सांगतो ते खरं मानणं म्हणजे ‘आय बिलीव्ह हिम’. त्याच्यावर भरवसा असणं, किंवा देव, भूत, कष्ट यांवर विश्वास असणं म्हणजे ‘बिलीव्ह इन’.

‘वंडर’ हा शब्द कोणी शिकवतच नाही, कारण गाइडमध्ये त्याच्यापुढे ‘आश्चर्य’ लिहिलेलं असतं. रोजच्या इंग्रजीत ‘आय वंडर व्हेअर ही इज’ यात आश्चर्य कणभर नाही. ते आपलं ‘कुठं गेला असेल बावा?’ आहे. ‘आय वंडर इफ द बस हॅज लेफ्ट’ म्हणजे ‘बस गेली असेल का वं?’ हे वऱ्हाडीत सांगितलं की मुलांच्या तोंडी लगेच बसतं, कारण दिवसातून दहादा ती हे म्हणतातच. पुढे ‘इफ’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ असा प्रश्नाचा शब्द येतो, आणि त्यानंतर सरळ वाक्य. ‘व्हेअर इज ही’ असं उलटायचं नाही.

इथवर मी मराठीची बाजू घेतली. पण मराठी जिथे फसवते तेही सांगायला पाहिजे, आणि आपली विदर्भाची मराठी तर एका ठिकाणी हमखास फसवते. पुण्याकडचा मुलगा ‘मला समजत नाही’ म्हणतो. आपला म्हणतो, ‘मले समजून नाई रायलं’. ‘काय करून रायला’, ‘जेवून रायलो’, ‘वाटून रायलं’, आपलं सगळंच चालू असतं. म्हणून तो लिहितो ‘आय एम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आय एम नोइंग हिम’, ‘आय एम थिंकिंग ही इज राइट’. ही चूक देशभर होते, पण आपल्याकडे तिला बोलीचं खत मिळतं. माहीत असणं, समजणं, वाटणं, विश्वास असणं ही इंग्रजीत बसलेली क्रियापदं आहेत, त्यांना ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘थिंक’चं मात्र दोन्ही होतं, आणि तो फरक मराठीत चोख पकडता येतो: ‘व्हॉट डू यू थिंक’ म्हणजे ‘तुमचं मत काय’, आणि ‘व्हॉट आर यू थिंकिंग’ म्हणजे ‘कसला विचार चाललाय’. एका मुलाने मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर दिलं होतं. मत विचारलं, तर तो म्हणाला घराचा विचार करतोय. घेणारे हसले, आणि त्याला का हसले ते कळलं नाही.

दुसरी फसवणूक काळाची. ‘मला वाटलं तू येशील’ यात ‘येशील’ भविष्यकाळ आहे, म्हणून पोरं ‘आय थॉट यू विल कम’ लिहितात. इंग्रजीत ‘थॉट’ मागे गेलं की पुढचंही मागे ओढलं जातं: ‘आय थॉट यू वुड कम’. मराठीत असं काही नाही, तेव्हा हे पाठच करावं लागतं. तिसरी ‘डिस्कस अबाउट’. आपण ‘विषयी चर्चा’ करतो म्हणून ‘अबाउट’ चिकटतं. इंग्रजीत ‘डिस्कस द प्रॉब्लेम’ एवढंच. ही चूक तुम्हाला साहेबांच्या पत्रात दिसेल, वर्तमानपत्रात दिसेल, कदाचित माझ्याच जुन्या नोट्समध्येही सापडेल. बोलताना सोडून द्या, परीक्षेत नको.

नकाराची जागा मात्र सुखाची. इंग्रजीत ‘आय थिंक ही विल नॉट कम’पेक्षा ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ जास्त म्हणतात. पुस्तकं हे मोठ्या धड्यासारखं शिकवतात. आपली आजी कधीपासून म्हणतेय, ‘मले नाई वाटत तो येईन म्हणून’. नकार नेमक्या त्याच जागी. तेवढं दाखवून पुढे जा.

क्रियाविशेषणांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगते, कारण त्याने फार नुकसान होतं. ‘खूप विचार केला’ याला ‘थॉट हार्ड’. पोरांना वाटतं ‘-ली’ लावल्याशिवाय क्रियाविशेषण होतच नाही, म्हणून ‘आय हार्डली थॉट अबाउट माय फ्युचर’ लिहितात. त्याचा अर्थ होतो, भविष्याचा मी विचारच केला नाही. निबंधात हे वाक्य वाचून तपासणारा काय समजेल बघा. बाकी जोड्या वाक्यातूनच उचलायच्या: दाट संशय म्हणजे ‘स्ट्राँगली सस्पेक्ट’, अंधुक आठवतं म्हणजे ‘व्हेगली रिमेंबर’, डोळ्यांसमोर आहे म्हणजे ‘व्हिव्हिडली रिमेंबर’, दहादा विचार कर म्हणजे ‘थिंक ट्वाइस’. आपण दहादा म्हणतो, ते दोनदाच करतात.

शिकवणीत हे कसं घ्यायचं? दोनशे जोड्यांची यादी बाजूला ठेवा. मुलांना सांगा, आज घरी कोण काय म्हणालं त्यातलं वाटणं, सुचणं, आठवणं, कळणं, विसरणं असलेलं एकेक वाक्य वहीत लिहून आणा, जसं म्हटलं तसं, बोलीतच. कापूस वेचायचे दिवस असतील तर वाक्यं भावावरच येतील: ‘भाव वाढन असं वाटून नाई रायलं’. येऊ द्या. एका वाक्यावर सगळा वर्ग मिळून आधी क्रियापद ओळखतो, मग चिठ्ठी लावतो, मग इंग्रजी वाक्य. तासाला पाचसहाच होतील. मी दिवाळी ते संक्रांत एवढं करायची, तेवढ्यात वहीत शंभराच्या वर वाक्यं जमायची, आणि ती पाठ करावी लागायची नाहीत कारण ती त्यांच्याच आईबापांची असायची. परीक्षा महिन्यावर आली असेल तर मात्र हे जमणार नाही. तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका घ्या आणि फक्त ‘थिंक ऑफ’, ‘रिमेंबर’ आणि ‘डाउट’ हे तीन पक्के करून घ्या.

आता तुमची बाइक. वर मी सांगितलं, ‘-यचं’ म्हणजे ‘टू’. ‘बाइक घ्यायची म्हणतोय’ यात ‘-यची’ आहे, मग ‘थिंकिंग टू बाय’ का नको? इथे माझाच नियम माझ्यावर उलटतो, आणि तुमच्या पोरांनी तो बरोबर लावला म्हणूनच चुकलं. कारण मध्ये ‘ऑफ’ बसलाय. बेत सांगताना ‘थिंक’ ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’ घेतल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ‘ऑफ’, ‘अबाउट’, ‘इन’ असल्या शब्दांपाठोपाठ क्रियापद आलं की इंग्रजीत ते ‘आयएनजी’ घेऊनच येतं. म्हणून ‘आय एम थिंकिंग ऑफ बायिंग अ बाइक’. ‘-यचं’साठी ‘टू’च वापरायचं असेल तर क्रियापद बदला: ‘आय एम प्लॅनिंग टू बाय अ बाइक’. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा.

आणि ‘थिंक टू’ कुठेच येत नाही असं मात्र सांगू नका. येतं, ‘सुचलं नाही’ म्हणताना. जुनी बाइक घेतली, घरी आणल्यावर दिसलं की मागचं टायर गुळगुळीत आहे. टायर बघायचं डोक्यातच आलं नव्हतं. ते ‘आय डिडन्ट थिंक टू चेक द टायर्स’.